पंचाचा डबा

घरात शिरून चोरीचा माल जप्त करायचा तर पोलिसांना त्या वस्तीतली दोन माणसे बरोबर घ्यावी लागतात. त्यांना पंच म्हणतात. काय सापडले, कुठे सापडले, कोणाच्या ताब्यात सापडले हे पोलीस लिहितात आणि पंच त्याखाली सही करतात. पुढे खटला उभा राहिला की पंचांनी कोर्टात येऊन सांगायचे असते : होय, हे माझ्यासमोर सापडले. पंच प्रतिष्ठित असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रतिष्ठित कोण, हे प्रत्यक्षात ठाण्याचा जमादार ठरवतो.

साठच्या दशकाच्या अखेरीस मी नागपूरच्या एका दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या पाहू लागलो. तेव्हा गिरणीमागच्या वस्तीत प्रतिष्ठित म्हणजे गिरणीत परमनंट असलेला माणूस. ठाण्यात रोज सकाळी जाणे हे माझे काम होते. जमादार कुठे पंचनाम्याला निघाले असतील तर मीही सायकल घेऊन मागे जात असे. त्या वस्तीत दुसरा पंच बदलत राही. पहिला बदलत नसे. तो गिरणीतला एक विणकर होता, तेव्हा तिशीचा, उंच, किंचित कमी ऐकू येणारा. मागांच्या खडखडाटात काम करणारी माणसे सहसा मोठ्याने बोलतात. हा मात्र हळू बोले. सही पूर्ण करी, आडनावासकट. पीत नसे. बोलावले की येई. जमादारांना एवढे पुरत असे.

त्याला स्वतःला हे काम किती मोठे वाटे, ते मला हळूहळू कळले. त्याचे वडील खाप्याहून गिरणीत आले होते. गावी काही चौकशी निघाली की त्यांना चावडीबाहेर उन्हात बसवत. आत काय लिहिले जाते ते त्यांना दिसत नसे. शेवटी कागद बाहेर येई आणि त्यावर त्यांचा अंगठा घेतला जाई. छप्पन साली त्यांनी पांढरे कपडे घालून नागपुरात दीक्षा घेतली. मुलगा तेव्हा शाळेतून बाहेर पडत होता. काही वर्षांनी पोलिसांनी त्या मुलाला पहिल्यांदा पंच म्हणून बोलावले आणि ठाण्यात खुर्ची दिली. म्हातारा दारात उभा राहून मुलगा वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाहत होता. हे मला मुलानेच सांगितले, आणि सांगताना आवाज आणखी खाली आणला. तेव्हापासून पंचनाम्यासाठी त्याने एक पांढरा शर्ट वेगळा ठेवला होता. इतर दिवशी तो खाकी किंवा निळा घाली.

त्या काळातल्या चोऱ्या लहान असत. दोरीवरचे धोतर, कोंबडी, सायकल, आणि सगळ्यांत जास्त पितळेची भांडी. पितळ वितळवले की त्याला ओळख राहत नाही. त्यामुळे लोटे, घागरी, परात यांच्यावर डोळा असे. चोरही ठरलेले होते. वस्तीला ते माहीत असत आणि त्यांना वस्ती. एकदा एका बाईची घागर गेली. जमादारांनी सकाळी सरळ त्यांतल्याच एका चोराच्या दारात सायकल उभी केली.

"कुठं ठेवली बे घागर?"

"ठेवली नाई साहेब. ठेवायले देल्ली होती."

"कोणाले?"

"आठवून राहिलो ना. चहा मिळाला तं लवकर आठवंल."

घागर संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांच्या ढिगाखाली निघाली. पंच म्हणाला, "ही तर त्या कोपऱ्यावरच्या मावशीची घागर हाय." जमादार लिहिता लिहिता थांबले. ते त्या ठाण्यात जुने होते, सेवानिवृत्तीला थोडी वर्षे उरलेली.

"पंचसाहेब, तुम्ही काय पाह्यलं तेवढंच सांगा. तुम्हाले काय माहीत हाय ते सांगू नका. माहीत तर साऱ्या वस्तीले असते. पाह्यलेलं सांगणारा एखादाच."

पंचाने मान हलवली. घागर पितळेची, गळ्याशी पोचा, पेट्यांच्या ढिगाखाली सापडली, असे लिहिले गेले. जमादारांचे ते वाक्य त्याने जन्मभरासाठी उचलले. नंतर दुसरा पंच नवखा असला की तो त्याला बाजूला घेऊन तेच ऐकवी : पाहिलेलं सांगायचं, माहीत असलेलं नाही. त्याला वाटे की यातच पंचाची अब्रू आहे. त्याचा त्याला अभिमान होता, आणि ती वर्षे अशी होती की अभिमान महाग पडला नाही.

त्याच्या शेजारच्या खोलीत राहणारा माणूस गिरणीतही त्याच्या शेजारच्याच मागावर होता. दोघांत एक सायकल होती. पायडल शेजारी मारी, पंच मागे बसे, दोघांचे डबे हँडलला. शेजारी बोलका होता. पंचाला पंचसाहेब म्हणायची पद्धत त्यानेच पाडली. आधी थट्टेने आणि मग सवयीने. रस्त्यात मला पाहून तो ओरडे, "पेपरवाले, आमच्या पंचसाहेबांचं नाव कवा छापता? चोराचं छापता, पोलिसाचं छापता, अन् सही करणाऱ्याचं काहून नाई?" पंच मागून म्हणे, "समोर पाह्य गा. खड्डा हाय."

सत्तरच्या पुढे घरांतून पितळ कमी झाले आणि स्टील आले. चोरीच्या बातम्यांतून ते स्पष्ट दिसे. लोटा आणि घागर बातमीतून गेली. ट्रान्झिस्टर आला, मनगटी घड्याळ आले, टेरिलीनचे शर्ट आले. स्टीलला मोडीत भाव नव्हता, पण घराघरांत ते प्रतिष्ठेचे झाले. लग्नात स्टीलची भांडी द्यायची आणि त्यांवर नाव कोरून द्यायचे, ही पद्धत त्याच वर्षांत रूढ झाली. भांड्यांच्या दुकानात एक माणूस छोट्या यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवून देई. पंचाच्या बायकोला तिच्या आईने एकावर एक बसणाऱ्या तीन ताळ्यांचा डबा दिला. त्यावर लेकीचे नाव, खाली 'आईकडून' एवढेच. तोच डबा नवरा रोज गिरणीत नेई. शेजारी म्हणे, "वहिनी, तुमचं नाव रोज आठ तास गिरणीत उभं राह्यते. पगार मागा ना."

गिरणीत डबे बॉयलरच्या भिंतीला लागून ठेवत, म्हणजे जेवणापर्यंत भाजी कोमट राही. याचा कोणी नियम केला नव्हता. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली होती, आणि त्याच भिंतीच्या खिळ्यांना कोणाची पिशवी, कोणाचा टॉवेल, कोणाचा चष्मा लटकत असे. धोट्यांचेही तसेच. धोटा म्हणजे मागात बाण्याचा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड. तो गिरणीचा असे, पण एकाच हातात वर्षे काढली की विणकर त्याला आपला समजे आणि त्यावर खूण करून ठेवी. तेही कोणी हरकत घेण्यासारखे मानले नाही.

ऐंशीच्या पुढे गिरणीच्या पाळ्या कमी झाल्या. मग एका सकाळी दुपारच्या जेवणाआधीच माग थांबले. साहेब बोलणार आहेत, सगळ्यांनी फाटकाबाहेरच्या पटांगणात या, असे सांगण्यात आले. माणसे बाहेर आली. साहेब आले नाहीत. फाटक लागले आणि त्यावर नोटीस चिकटवली गेली. त्या दिवसाची माझी बातमी नोटिशीची होती : यंत्रे जुनी, तोटा, पुढील आदेशापर्यंत बंद. भिंतीपाशी शेकडो डबे भरलेले राहिले होते, ही गोष्ट बातमीत नव्हती. ती कोणी सांगितली नाही, कारण पहिल्या दिवशी गिरणी उद्या उघडेल असे सगळ्यांना वाटत होते.

गिरणी उघडली नाही. वस्तीत पुरुष दिवसाउजेडी घरी दिसू लागले. आधी चौकीदाराला विनवण्या झाल्या, मग अर्ज. चौकीदार म्हणे, माझ्या हातात नाही. ऑफिसातला बाबू म्हणे, यादी करून वर पाठवली आहे. एकाचा चष्मा आत होता आणि तो महिनोन् महिने पेपर दुसऱ्याकडून वाचून घेई. लोकांना नोकरी गेल्याचा राग होताच. पण आपलीच वस्तू आत पडून आहे आणि घेता येत नाही, याचा राग वेगळा होता. तो बोलण्यात रोज निघे. नोकरीचा निघत नसे.

पावसाळा संपता संपता नाल्याच्या बाजूची भिंत एके ठिकाणी खचली. शेजाऱ्याने ठरवले की आत जाऊन डबे आणायचे. त्याने ते लपवले नाही. दोनचार घरी जाऊन विचारले, तुमचं काय काय हाय आतमंधी? पंचाच्या दारातही तो आला. मी तेव्हा तिथेच बसलो होतो. बंद गिरणीतल्या कामगारांवर काही लिहायचे म्हणून माहिती घेत होतो.

"पंचसाहेब, तुमचा डबा आणू काय?"

"नको. कायद्यानं भेटंल तवा घेऊ."

"कायदा काय डबा घासून आणून देणार हाय काय गा? बुरशीनं खाल्ला असंल."

"नको म्हटलं ना."

आतून बायको म्हणाली, "दिसला तं आणजा, भाऊजी. माझ्या मायनं देल्ला हाय."

शेजारी हसला. "आता घरच्या हायकोर्टानं सांगतलं. आणतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आत गेला आणि एक पोते भरून घेऊन आला. वाटेत लोकांनी पाहिले, चौकीदारानेही पाहिले. चौकीदाराने ऑफिसात कळवले आणि ऑफिसाने ठाण्यात. त्या दिवसांत बंद गिरणीतून मागांच्या पितळी बुशिंगा आणि तांब्याची तार जाऊ लागली होती. ती कोण नेतो हे सापडत नव्हते, आणि वरून विचारणा होत होती. पोते घेऊन उघड्यावर चाललेला माणूस ठाण्याला सोयीचा होता.

जुने जमादार तोवर सेवानिवृत्त झाले होते. नवे तरुण होते, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. पण ठाण्याची सवय त्यांनी तशीच उचलली : गिरणीमागे पंचनामा म्हटला की शिपाई पंचाच्या दारात जाई. सकाळी मी ठाण्यातून त्यांच्याबरोबर निघालो. पंच पांढरा शर्ट घालून बाहेर आला. कोणाच्या घरी जायचे हे त्याला चार पावले चालल्यावर कळले, कारण शिपाई पुढे न जाता शेजारच्याच दारात थांबला.

पोते अंगणात रिकामे केले. डबे, एक चष्मा, चपलांचे जोड, सायकलचा पंप, टॉवेल, आणि खूण केलेले दोन धोटे. जमादारांनी एक डबा उघडला आणि लगेच झाकला. आत काळी पडलेली पोळी आणि भाजीचा वाळलेला थर होता. वास अंगणभर पसरला.

"हा वास लिहायचा काय पंचनाम्यात?" जमादार म्हणाले. शिपाई हसले.

शेजारी म्हणाला, "साहेब, डबे लोकांचे हायेत. नावं पाहा ना कोरलेली."

जमादारांनी दोनतीन डबे फिरवून पाहिले. "बायांची नावं आहेत. गिरणीच्या हजेरीत बाया होत्या काय?"

"बायांनीच देल्ले डबे. नवरे घेऊन गेले."

"मग नवरे कुठं आहेत?" जमादारांनी गर्दीकडे पाहिले. आवाज चढवला नाही. "कोणी पुढं येऊन सांगा, हा डबा माझा. ठाण्यात चला, जबाब द्या, तो आत कसा राहिला अन् बाहेर कसा आला ते सांगा. एकानं जरी सांगितलं तरी मी बाकीचं सोडून देतो."

हे त्यांनी मनापासून म्हटले असावे. त्यांना डब्यांत रस नव्हता. पण ठाणे आणि जबाब हे शब्द ऐकून पुढे सरकलेली माणसे थांबली. गिरणी उद्या उघडली तर चोरीत नाव असलेल्याला आत घेतील काय, हा विचार त्या वस्तीत तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होता. आणि मग गर्दी पंचाकडे पाहू लागली. ते स्वाभाविक होते. इतकी वर्षे ज्याच्या सहीवर माणसे सुटली आणि अडकली, त्याने 'हा माझा' म्हटले असते तर जमादारांना ते मानावेच लागले असते.

शेजारी म्हणाला, "सांगा ना पंचसाहेब."

पंचाने वाकून तीन ताळ्यांचा एक डबा उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवला. मला वाटले तो मोजदाद करतो आहे. मग तो म्हणाला, "मी पंच हाओ. मले जे दिसते त्याच्यावर सही करीन. जे माहीत हाय ते सांगाचं काम माह्यं नाई."

"काय बोलून राहिला गा तू?" शेजारी म्हणाला. पंचसाहेब म्हणाला नाही. पुढे पुन्हा कधी म्हणाला नाही.

स्टीलचे डबे, वापरलेले, आत खराब झालेले अन्न, चपला, इतर किरकोळ वस्तू, गिरणीच्या मालकीचे धोटे दोन, आरोपीच्या अंगणात पोत्यात मिळून आले. पंचाने सही केली, आडनावासकट. त्याची बायको दारात उभी होती. ती आत गेली आणि दार लावून घेतले.

बातमी दोन ओळींची झाली. बंद गिरणीतून माल पळवणाऱ्यास अटक. डेस्कवरून ती तशीच गेली.

शेजारी जामिनावर सुटला. त्या सुमारास धान्याचा आणि फळांचा घाऊक व्यापार शहरातून कळमन्याच्या यार्डाकडे सरकत होता आणि गिरणीतली बरीच माणसे तिथे हमालीला, राखणीला लागत होती. शेजाऱ्याचेही एका अडत्याकडे ठरत आले होते. अडत्याने ठाण्यात विचारले, माणूस कसा आहे? चोरीची केस आहे, असे उत्तर मिळाले. ते खरेच होते. दुसऱ्याकडेही तसेच झाले. शेवटी भंगाराचा धंदा करणाऱ्या एका मोडवाल्याने त्याला कामावर घेतले. मोडवाला कोणाबद्दल ठाण्यात विचारायला जात नसे. मोडवाल्याकडे काम म्हणजे आधी माल फोडणे, मग वाहणे, आणि मग कुठून आणायचा ते दाखवणे. गिरणीत पितळ कुठे आहे, कोणता नट कोणत्या बाजूला फिरतो, हे वीस वर्षे मागावर काढलेल्या माणसाइतके कोणाला माहीत असणार? वर्षभरात तो खरोखर पितळ काढू लागला. पुढे दोनदा पकडला गेला. त्या दोन्ही वेळी पंच दुसऱ्या वस्तीतले होते.

त्या वर्षांत गुन्ह्यांवर लेख लिहिणारे बेकारीचा आकडा एका बाजूला आणि चोऱ्यांचा दुसऱ्या बाजूला मांडत. आकडे चूक नसत. पण मी त्या एका वस्तीत जे पाहिले त्यात माणूस बेकार झाला आणि चोर झाला, असे सरळ झाले नाही. आधी तो बेकार झाला. मग स्वतःची वस्तू घेताना चोर ठरला. चोरी त्यानंतर आली. मधली पायरी कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

वस्तीही बदलली. पूर्वी दिवसा घरांना कडी असे, आता कुलपे आली. चोर आता ठरलेले नव्हते. जो तो दुसऱ्याच्या कामाधंद्याची चौकशी करू लागला, आणि चौकशी करणारा खबऱ्या असेल अशी शंका घेऊ लागला. पंचाच्या ओट्यावर संध्याकाळी माणसे जमत, ती जमेनाशी झाली. तो एका शाळेत चपराशी म्हणून लागला होता. त्याची बायको त्याला ॲल्युमिनियमच्या डब्यात पोळी देई. तिने एवढेच म्हटले, तेही एकदा, माझ्यासमोर, चहा ठेवताना : "माह्यं नाव ठाण्यात पडून हाय. मुद्देमालाच्या खोलीत. उंदरं फिरत असतीन त्याच्यावरून."

ठाण्यातून मात्र त्याला अजून बोलावणे येत होते. पूर्वीपेक्षा जास्तच, कारण पंचनामे वाढले होते आणि दुसरे कोणी येत नव्हते. तो जात होता. पांढरा शर्ट नीळ देऊन निळसर झाला होता.

खटला काही वर्षांनी बोर्डावर आला. शेजारी दुसऱ्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता; त्याला तुरुंगातून आणले होते. पंच साक्षीला उभा राहिला. सरकारी वकिलाने नेहमीचे विचारले. सही तुमची? होय. माल तुमच्यासमोर सापडला? होय. मग बचावाचा वकील उठला. तो तरुण होता, सरकारी खर्चाने दिलेला, आणि त्याने कागद बहुधा त्याच सकाळी वाचले होते. टेबलावरच्या मुद्देमालातला पहिला हाताला आला तो डबा त्याने उचलला. तीन ताळ्यांचा होता. त्याने तो फिरवला आणि कोरलेले नाव वाचून दाखवले.

"ह्या नावाच्या बाईला तुम्ही ओळखता?"

पंच डब्याकडेच पाहत होता. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला, त्याला कमी ऐकू येते असे समजून. वकिलाने मोठ्याने विचारला.

"माझी बायको," पंच म्हणाला.

"म्हणजे हा डबा तुमचा?"

"तिचा. मी नेत होतो."

"पंचनाम्याच्या वेळी तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

पंच म्हणाला, "त्या वेळी नाव भिंतीकडं होतं." मग म्हणाला, "मीच भिंतीकडं केलतं."

सरकारी वकिलाने उठून साक्षीदार फितूर झाल्याचे घोषित करण्याची परवानगी मागितली. कोर्टात याला काही विशेष अर्थ नसतो. साक्षीदार आपल्या बाजूने बोलत नाही, उलटतपासणी घेऊ द्या, एवढाच. पण शब्द फितूर हाच आहे, आणि तो मोठ्याने उच्चारला जातो. पंचाने कठड्यावरचा हात काढून घेतला.

आरोपी सुटला, पुराव्याअभावी. त्याने न केलेल्या एकमेव चोरीतून तो सुटला आणि केलेल्या चोरीची शिक्षा भोगायला परत निघाला. व्हरांड्यात शिपायाने त्याला बिडी ओढू दिली. पंच भिंतीपाशी उभा होता. शेजारी त्याच्याकडे न पाहता बोलला.

"बोलला बा शेवटी."

"हाव."

"तवा बोलला असता तं..." त्याने वाक्य सोडले. बिडी झटकली. मग जुन्या सुरात, पण हसू न आणता म्हणाला, "पेपरवाले उभे हायेत. आता छापतीन तुह्यं नाव. फितूर म्हणून."

नाव छापले नाही. पंच फितूर, आरोपी निर्दोष, अशी एक ओळ गेली. तो शब्द आमच्या पेपरात दर आठवड्याला कुठेतरी असे.

त्यानंतर ठाण्यातून त्याला बोलावणे आले नाही. कोणी ठरवून थांबवले असे नाही. कोर्टात उलटलेला पंच पुन्हा घेतला की पुढची केस कच्ची होते, म्हणून शिपाई त्याच्या दारावरून पुढे जाऊन कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला घेत. पानठेलेवाला वाचत नसे, सही करी.

मुद्देमाल मूळ मालकाला परत द्यावा असा हुकूम होता. गिरणीकडून कोणी आले नाही. पंचाने अर्ज करावा असे वकिलाने सुचवले होते. तोही केला नाही. तेव्हा बायकोने स्वतः केला. डबा माझा आहे, त्यावर माझे नाव आहे. एका सकाळी मी कोर्टात होतो तेव्हा ती आलेली दिसली. डबा ताब्यात देताना, हीच ती बाई आणि हाच तो डबा, असे सांगणारा एक ओळखीचा साक्षीदार लागतो. कारकुनाने विचारले, कोणाला आणले आहे?

पंच बाहेर झाडाखाली उभा होता. पांढरा शर्ट घातला होता. कारकुनाला तो खिडकीतून दिसत होता आणि कारकून त्याला ओळखत होता.

ती म्हणाली, "हे काय, आली हाय ना," आणि मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याच्या बायकोला पुढे केले. कारकुनाने तिला विचारले, ह्या बाईला ओळखता? ती म्हणाली, एका भिंतीला राह्यतो, ओळखत नाई कशी? डबा ओळखता? तिने डबा हातात घेतला, ठिपक्यांवरून बोट फिरवले आणि हो म्हणाली. तिचा अंगठा घेतला.

दोघी बाहेर आल्या. डबा शेजारणीच्याच हातात होता. पंच झाडाखालून निघाला आणि दोघींच्या मागून, थोडे अंतर ठेवून, चालू लागला.